पहिले भाड्याचे घर: पैसा कुठून, जागा कुठे?



भाषणाचा विषय कळल्यावर काहींनी विचारले, आपल्या चळवळीत शिक्षण, आरक्षण, शिष्यवृत्ती यांवर बोलायचे असते. घरभाड्याचे इथे काय काम? काम आहे. धाराशिव जिल्ह्यातली एक पिढी आता पुणे, हैदराबाद आणि आखातात कमावते आहे. घरात पहिल्यांदाच आठ-दहा लाख रुपये साठतात. ते साठले की तीन माणसे दारात येतात: एक प्लॉट विकणारा, एक कर्ज देणारा आणि एक ‘हलाल नफा’ देतो म्हणणारा. वीस वर्षांची कमाई या तिघांपैकी कुणाच्या हाती द्यायची, याचा निर्णय बहुतेक घरांत एका संध्याकाळी होतो. म्हणून हा विषय.

मी सॉफ्टवेअरमधला माणूस आहे. फतवा देणे माझे काम नाही आणि वकिली सल्लाही मी देणार नाही. मी हिशेब मांडतो. निर्णय तुमचा.

आधी हिशेब

आकडे उदाहरणासाठी धरू या. एक फ्लॅट २५ लाखांचा. पाच लाख आपले, २० लाख बँकेचे. व्याज ९ टक्के, मुदत २० वर्षे. हप्ता येतो सुमारे १८ हजार. आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी अशा फ्लॅटला भाडे धरू या महिना ७ हजार. म्हणजे दर महिन्याला ११ हजार खिशातून. पहिल्या वर्षाचे व्याजच सुमारे १ लाख ७८ हजार होते आणि वर्षाचे भाडे ८४ हजार. भाड्याने व्याजाचा अर्धा भागसुद्धा फिटत नाही. वीस वर्षांत मुद्दल २० लाख आणि व्याज २३ लाखांच्या वर जाते.

‘भाड्यातून हप्ता निघेल’ हे वाक्य ऐकले की हा हिशेब आठवा. आपल्याकडे घराचे वार्षिक भाडे साधारणपणे किमतीच्या ३ टक्क्यांच्या आसपास असते आणि कर्ज त्याच्या अडीच-तीन पट महाग. मोठ्या शहरांतही फार वेगळे चित्र नाही. मधला खड्डा भरून निघतो तो किंमत वाढली तरच. किंमत वाढेलही. पण ती आशा आहे, उत्पन्न नव्हे. हप्ता आशेतून भरता येत नाही.

व्याजाचा प्रश्न

आता जो प्रश्न सभेनंतर बाजूला घेऊन विचारला जातो, तो उघड घेऊ. व्याजाचे कर्ज घ्यावे का?

काही कुटुंबे व्याज पूर्ण टाळतात. काहींना ती जुन्या काळातल्या सावकारीवरची बंदी वाटते. आपल्या मासिकाचे वाचक दोन्हीकडे आहेत आणि मी कुणाला पटवायला उभा नाही. एक गोष्ट मात्र दोघांनी लक्षात घ्यावी. १९९९ मध्ये युरोपियन फतवा व संशोधन परिषदेने मुस्लिमांना बँकेच्या गृहकर्जाची सवलत दिली, ती राहत्या घरासाठी, गरज म्हणून, दुसरा मार्ग नसेल तर. भाड्याने देण्याचे घर त्या सवलतीत बसत नाही. म्हणजे धार्मिक अंगाने आणि हिशेबाच्या अंगानेही उत्तर एकाच दिशेला जाते: पहिले भाड्याचे घर मोठ्या कर्जावर घेऊ नका.

बिनव्याजी बँक आपल्या देशात नाही. २००८ मध्ये रघुराम राजन समितीने बिनव्याजी बँकिंगचा विचार व्हावा असे सुचवले होते. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने हा प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरवले. देवबंद, नजीबाबादचे मुस्लिम फंड किंवा पाटण्याची अल-खैर पतसंस्था अशा संस्था चांगले काम करतात, पण त्यांचे बळ छोट्या, थोड्या मुदतीच्या कर्जाचे. दुकानाचा माल भरायला, हातगाडी घ्यायला त्या उपयोगी. घर बांधायला पुरत नाहीत.

ही पोकळी ओळखूनच तो तिसरा माणूस दारात येतो. बंगळुरूच्या आयएमए कंपनीने ‘हलाल गुंतवणूक’ म्हणून हजारो मुस्लिम कुटुंबांचे पैसे घेतले आणि जून २०१९ मध्ये तिचा मालक देश सोडून गेला. त्यात विधवांची पुंजी होती, मुलींच्या लग्नाचे पैसे होते. त्याच वर्षी अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्रीय कायदा आला. घराचे वार्षिक भाडे किमतीच्या ३ टक्क्यांच्या आसपास असते हे आत्ताच पाहिले. मग ‘मालमत्तेत गुंतवतो आणि महिन्याला ३ टक्के नफा देतो’ म्हणणारा तो नफा कुठून आणतो? नंतर येणाऱ्याच्या पैशातून. दाढी, टोपी, बिस्मिल्लाह छापलेले पावतीपुस्तक, यांपैकी काहीही ताळेबंदाची जागा घेत नाही.

मग पैसा कुठून?

पहिला मार्ग भागीदारीचा. तीन भावंडे प्रत्येकी सहा लाख घालतात. १८ लाखांत छोटा बिगरशेती प्लॉट आणि त्यावर चार खोल्या, असे धरू. खोलीला ३ हजार म्हणजे महिना १२ हजार. वर्षातले दहाच महिने भाडे येते असे धरा, कारण सुट्टीत विद्यार्थी जातात, बदलीने कर्मचारी जातात. झाले १ लाख २० हजार. घरपट्टी, रंग, मोटार, गळती यांना २० हजार काढा. उरले एक लाख, म्हणजे साडेपाच टक्के. सोन्याचांदीचे स्वप्न नाही, पण कुणाचे देणेही नाही.

भागीदारी तोंडी ठेवू नका. खरेदीखतातच प्रत्येकाचा हिस्सा लिहा आणि वेगळा करारही करा: भाडे कसे वाटायचे, दुरुस्ती कोण बघणार, एकाला बाहेर पडायचे असेल तर किंमत कोण ठरवणार. पुढे एखादा भाऊ दुसऱ्यांचा हिस्सा थोडाथोडा विकत घेऊ शकतो. फिकहमध्ये घटत्या भागीदारीची पद्धत आहे ती हीच. तिला बँक लागत नाही, विश्वास आणि लेखी कागद लागतो.

आणि हो, भावंडे म्हटले की बहिणीही आल्या. बहिणीचे पैसे घेऊन खरेदी भावाच्या नावावर, हा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो. तिचे पैसे असतील तर खरेदीखतात तिचे नाव असले पाहिजे. ‘घरातलेच आहे’ हे वाक्य वाटणीच्या दिवशी कुठल्याही कोर्टात चालत नाही. शिवाय महाराष्ट्रात निवासी मालमत्ता फक्त स्त्रीच्या नावे घेतली तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे. पण सूट मिळते म्हणून बायकोचे नाव आणि भाडे मात्र नवऱ्याच्या खात्यात, असे करू नका. मालक म्हणजे मालक.

दुसरा मार्ग मर्यादित कर्जाचा, ज्यांना ते चालते त्यांच्यासाठी. त्याच १८ लाखांत नऊ लाख कर्ज, ९ टक्के, १५ वर्षे. हप्ता सुमारे ९,१३०. भाड्यातून खर्च जाऊन महिन्याला सरासरी ८,३०० उरतात. आठशे रुपये खिशातून जातील, हे झेपते. म्हणून माझा नियम साधा आहे: कर्ज किमतीच्या निम्म्यापेक्षा जास्त नको. ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँका किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देऊ शकतात. देतात म्हणून घ्यायचे नसते. मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि वकील यांचे सात-आठ टक्के वेगळे ठेवा. बँक सहसा ते धरत नाही. बदलत्या दराचे गृहकर्ज वैयक्तिक नावावर असेल तर मुदतीआधी फेडायला दंड नाही, त्यामुळे हाती पैसा आला की मुद्दल कमी करा.

दुकानदार, बागवान, गॅरेजवाले यांची अडचण वेगळी. धंदा चांगला असतो, पण विवरणपत्र भरलेले नसते. मग बँक नाही म्हणते आणि दीडपट व्याजाची फायनान्स कंपनी हो म्हणते. घर घ्यायच्या तीन वर्षे आधीपासून विवरणपत्र भरायला लागा. तोच तुमचा पहिला हप्ता समजा. आणि बयाणा असो की पुढची रक्कम, मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणे आयकर कायद्याला चालत नाही; घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. पैसे बँकेतूनच द्या. उद्या व्यवहार फिसकटला तर तोच तुमचा साक्षीदार.

जागा निवडताना

जागा निवडताना आपण ‘भाव किती वाढेल’ हे विचारतो. पहिला प्रश्न हवा, ‘इथे राहायला कोण येईल?’

२०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ५७ हजार होती आणि त्यातले शहरात राहणारे शंभरात सतरा. खेड्यात बहुतेकांना स्वतःचे घर आहे. म्हणजे भाडेकरू थोडे आहेत आणि ठरावीक ठिकाणीच आहेत. धाराशिव शहरात ते आहेत: जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, न्यायालय, विद्यापीठाचे उपकेंद्र, आणि अलीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. परिचारिका, शिकाऊ डॉक्टर, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ यांना दवाखान्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर खोली हवी असते. रात्रपाळी असते, रिक्षा मिळत नाही. त्यांच्यासाठी पाच किलोमीटरवरचा स्वस्त प्लॉट काही कामाचा नाही.

तुळजापूरचे गणित निराळे. तिथे नवरात्रात माणूस मावत नाही, पण भाविक एक रात्र राहतो. तो लॉजचा धंदा आहे. परवाने, नोकर, स्वच्छता, सगळे रोजचे. पहिल्या भाड्याच्या घराशी त्याची गल्लत करू नका. उमरगा पुणे-हैदराबाद महामार्गावरचे आणि कर्नाटक सीमेजवळचे मोठे बाजाराचे गाव. तिथे दुकानगाळ्याचा विचार करता येतो, पण गाळा रिकामा राहिला तर वर्षभर राहतो. कळंब, लोहारा, उमरग्याच्या लोकांना लातूरही जवळ आहे. शिकवण्यांमुळे तिथे सगळ्या मराठवाड्यातून मुले येतात, खोल्यांना मागणी असते, पण उन्हाळ्यात रिकाम्या होतात.

सोलापूर-तुळजापूर-धाराशिव या ८४ किलोमीटरच्या रेल्वेमार्गाची घोषणा झाली. त्या दिवसापासून रेल्वेचा भाव लावून प्लॉट विकले जात आहेत. रेल्वे येणे चांगलेच. पण मूळ धाराशिव स्थानकाचा अनुभव आठवा: गाडी आली म्हणून स्थानकाजवळ वस्ती झालीच असे नाही. जे अजून झालेले नाही त्याची किंमत आज देऊ नका. औद्योगिक वसाहतीच्या घोषणांनाही हेच लागू. कामगार दिसले की खोली बांधा, फलक दिसला म्हणून नको.

मग पाणी. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण सर्वांनी पाहिले. प्लॉट बघायला पावसाळ्यात जाऊ नका, मे महिन्यात जा. शेजारच्या घरात विचारा: नळ किती दिवसांआड येतो, बोअर किती फूट, टँकर कधी लागतो. आपल्याकडे भाडेकरू घर सोडतो तो बहुधा भाड्यामुळे नव्हे, पाण्यामुळे. चार खोल्यांच्या बांधकामात मोठी टाकी आणि छतावरचे पाणी बोअरमध्ये सोडण्याची सोय आधीच धरा.

आणि बांधकाम. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट लोहारा आणि उमरगा तालुक्यांना सांगायला नको. माती-दगडाच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर पडल्या. खोल्या भाड्याने द्यायच्या म्हणजे दुसऱ्याची लेकरे आपल्या छताखाली झोपणार. जोत्यावर, दारे-खिडक्यांच्या वर आणि छताखाली सलग पट्टा घ्या. अभियंत्याचा नकाशा घ्या. मिस्त्री म्हणेल ‘कशाला, खोल्याच तर आहेत’. तिथे पैसे वाचवायचे नाहीत.

कागद

आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. त्यामुळे आपल्याकडची जमीन इतर महाराष्ट्रासारखी साधी नाही. इनाम जमिनी आहेत. मदतमाश म्हणजे उदरनिर्वाहासाठी दिलेली, खिदमतमाश म्हणजे मशीद, दर्गा किंवा देवस्थानाच्या सेवेसाठी दिलेली. सातबारावर ‘भोगवटादार वर्ग २’ दिसले की थांबा. परवानगी आणि नजराणा याशिवाय तो व्यवहार अडतो. १९५४ च्या हैदराबाद इनाम कायद्यात २०२४ मध्ये दुरुस्ती झाली आणि मदतमाश जमिनींचे व्यवहार नियमित करण्याचा नजराणा कमी करून ५ टक्क्यांवर आणला गेला. पण विकणारा ‘आता सगळे मोकळे झाले’ म्हणतो तेव्हा त्याच गटाचा आदेश मागा, वर्तमानपत्राचे कात्रण नको.

वक्फची जमीन विकता येत नाही. आपणच मोर्चात ‘वक्फ वाचवा’ म्हणायचे आणि कबरस्तानाच्या कडेचा स्वस्त प्लॉट आपणच घ्यायचा, हे चालणार नाही. घेण्याआधी वक्फ मंडळाच्या नोंदी तपासा.

बाकी यादी अशी: सातबारा, जुने फेरफार, शहरात असेल तर मालमत्ता पत्रक, बिगरशेती आदेश, मंजूर रेखांकन, किमान ३० वर्षांचा शोध अहवाल. नुसता नमुना ८ म्हणजे मालकी नव्हे. ती कर आकारणीची नोंद आहे. शेतजमिनीचे गुंठे पाडून मुद्रांकावर लिहून दिलेला प्लॉट घेऊ नका. भाऊ दुबईला किंवा रियाधला अनिवासी भारतीय म्हणून राहत असेल तर त्याला शेतजमीन खरेदी करताच येत नाही. त्याच्या पैशाने घेतलेला असा प्लॉट दुहेरी अडकतो. इमारतीतला फ्लॅट असेल आणि प्रकल्प ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावर व आठपेक्षा जास्त सदनिकांचा असेल तर महारेरा नोंदणी क्रमांक मागा.

एक सोपी कसोटी सांगतो. रोखीने घेणार असाल तरी आधी कागद घेऊन राष्ट्रीयीकृत बँकेत जा आणि विचारा, यावर कर्ज द्याल का? ज्या कागदावर बँक पैसे लावत नाही, त्यावर आपण आयुष्याची कमाई का लावावी? फक्त एक लक्षात ठेवा. मुस्लिम वस्त्यांना काही बँकांनी नकारात्मक क्षेत्र ठरवल्याची नोंद २००६ च्या सच्चर अहवालात आहे. म्हणून नकार मिळाला तर कारण लेखी मागा. कागदात दोष असेल तर प्लॉट सोडा. दोष फक्त मोहल्ल्याच्या नावात असेल तर तक्रार करा, बँकेच्या वरिष्ठांकडे आणि मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.

मालक झाल्यावर

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची. ११ महिन्यांचा करार नोटरीकडे केला की झाले, हा गैरसमज आहे. मुद्रांक शुल्क भाड्याच्या पाव टक्का आहे, नोंदणी घरबसल्या होते. तीन हजारांच्या खोलीसाठीसुद्धा करा. भाडे उत्पन्नात दाखवा; भरलेली घरपट्टी वजा केल्यावर उरलेल्या भाड्यातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते, त्यामुळे छोट्या मालकाला कर फारसा लागत नाही. जकातीबद्दल विचारले जाते: बहुसंख्य उलेमांच्या मते भाड्याच्या घराच्या किमतीवर जकात नाही, भाड्यातून साठून वर्षभर राहिलेल्या रकमेवर अडीच टक्के आहे.

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पुण्यात, मुंबईत नाव सांगितल्यावर ‘फ्लॅट कालच गेला’ हे उत्तर इथल्या कितीतरी तरुणांनी ऐकले आहे. सच्चर अहवालातही मुस्लिमांना घर मिळण्यातली अडचण नोंदली आहे. कायद्याचा आधार तोकडा आहे. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सदस्यत्व आपल्याच समाजापुरते ठेवण्याचा नियम वैध ठरवला. म्हणजे घर कुणाला मिळेल हे अजूनही बरेचसे मालकाच्या मनावर आहे. आणि आता आपण मालक होणार आहोत.

आपल्या चार खोल्यांसमोर उद्या कोण उभे राहील? परंड्याची एकटी परिचारिका. मातंग समाजाचा तलाठी. नांदेडची बौद्ध विद्यार्थिनी. आपलीच एखादी तलाकशुदा बहीण, दोन लेकरे घेऊन. ‘फक्त फॅमिली’, ‘फक्त आपल्यातले’ अशी पाटी आपणही लावणार असू तर पुण्याच्या घरमालकाबद्दल तक्रार कुठल्या तोंडाने करायची? ओळखपत्र पाहा, पोलीस पडताळणी करा, अनामत घ्या, करार नोंदवा. जात-धर्म विचारू नका. एवढे आपल्या हातात आहे आणि त्याला कर्ज लागत नाही.

शेवटी एक सूचना. जुने फेरफार, खासरा पाहणीपत्रक, इनामाचे कागद यांतले बरेच उर्दूत आहेत. आपल्या मोहल्ल्यात ते वाचू शकणारी निवृत्त शिक्षक मंडळी अजून आहेत. सगळ्या जातिधर्मांच्या लोकांना ते कागद वाचून हवे असतात आणि वाचणारे दिवसेंदिवस कमी होत आहेत. महिन्यातून एका रविवारी अशा दोन ज्येष्ठांना, एका वकिलाला आणि आकडेमोडीला आमच्यासारख्या एखाद्याला घेऊन बसू या. प्लॉट घेणाऱ्याने बयाणा देण्याआधी कागद आणावेत; मोफत वाचून देऊ. मी माझे नाव त्या यादीत आजच लिहून जातो. उरलेली तीन नावे या सभागृहातून मिळावीत.